नंबर प्लेट नसलेले चार दिवस

मित्रांनो, माझ्या पोटात एक रॅम्प घडी घालून ठेवलेला आहे. मी फिकट निळ्या रंगाची, एकोणीस वर्षांची जुनी व्हॅन आहे, आणि तुम्हाला माझ्याविषयी एकच गोष्ट सांगायची झाली, तर मी या रॅम्पचीच सांगेन. बाजूचे दार सरकते, तळातून लोखंडी फळी बाहेर येते, जमिनीला टेकते आणि चाकांच्या खुर्चीत बसलेला माणूस कोणाच्याही हाताची मदत न घेता माझ्या आत येतो. याच कामासाठी माझा जन्म झाला.

खरे तर जन्म दोनदा झाला. पहिल्यांदा एका मोठ्या कारखान्यात, इतर हजारो गाड्यांसारखी मी तयार झाले. नऊ वर्षांनी मला एका लहान कार्यशाळेत नेऊन माझा तळ कापण्यात आला, तो वीतभर खाली उतरवण्यात आला आणि त्यात रॅम्प बसवण्यात आला. कापले जाणे सुखाचे नसते. पण त्यानंतर मी कोणाच्या तरी उपयोगाची झाले.

मला ओहायोतल्या एका लहान गावातील वेंडेल क्रेबिल यांनी विकत घेतले. त्यांची पत्नी लोरेन हिच्या पायांतली शक्ती हळूहळू गेली होती. नऊ वर्षे मी तिला दवाखान्यात, चर्चमध्ये, किराणा दुकानात, आणि वसंतात नुसतीच शेतांच्या कडेने फिरायला नेले. वर चढताना ती माझ्या दाराच्या चौकटीवर हात ठेवून म्हणायची, "शाबास गं पोरी." एवढे कौतुक एका गाडीला पुष्कळ होते.

गेल्या नोव्हेंबरात लोरेन गेली. त्यानंतर वेंडेल दर रविवारी चर्चमधून आले की माझ्या आसनावर बसत, इंजिन दहा मिनिटे चालू ठेवत आणि बंद करून निघून जात. तेलपाणी वेळेवर बघत, काचा पुसत. पण रॅम्पचे बटण त्यांनी अकरा महिन्यांत एकदाही दाबले नाही. त्यामागचे कारण मला समजत होते. तरीही सरकत्या दाराखालच्या खाचेत मेपलची पाने साचत होती, कुजत होती, आणि मला ते सांगता येत नव्हते.

अखेरीस त्यांनी मला विकायचे ठरवले. जाहिरात वाचून विस्कॉन्सिनहून मार्लिस टॉर्गरसन नावाच्या बाईंचा फोन आला. त्यांचे पती डूएन दूधसंघातल्या यंत्रांची दुरुस्ती करीत. उन्हाळ्यात शिडीवरून पडून त्यांच्या पाठीचा कणा दुखावला होता. ते एका पुनर्वसन केंद्रात होते आणि त्यांची तिथली मुदत मंगळवारी सकाळी दहा वाजता संपत होती. तोपर्यंत त्यांना घरी नेण्याजोगी गाडी दारात उभी राहिली, तर ते घरी जाणार होते. नाहीतर त्यांची रवानगी साठ मैलांवरच्या एका वृद्धाश्रमात व्हायची होती, आणि तिथे गेलेला माणूस सहसा परत येत नाही, हे त्या गावात सगळ्यांना माहीत होते.

मार्लिसबाईंनी फोनवर सांगितले होते, "मालकीच्या कागदावर सही तेवढी करून ठेवा हं. मी आले की लगेच निघेन." त्यांच्या राज्यात तशीच पद्धत होती: सही करायची, कागद हातात द्यायचा, संपले. वेंडेल यांनीही पाहुणीचा वेळ वाचावा म्हणून स्वयंपाकघराच्या टेबलावर, आपल्या सर्वांत चांगल्या पेनाने, सावकाश सही केली. शिवाय शुक्रवारी सकाळी माझ्या दोन्ही प्लेटा काढून गॅरेजमध्ये टांगल्या, कारण प्लेटा मालकाच्या, गाडीच्या नव्हेत. अशी मी उघड्या पाठीने अंगणात उभी राहिले.

मार्लिसबाई दीड दिवस बसमधून प्रवास करून दुपारी पोहोचल्या. त्यांनी परतीचे तिकीट काढलेलेच नव्हते. मीच त्यांचे परतीचे तिकीट होते. जेवणानंतर दोघे वेंडेल यांच्या ट्रकमधून बँकेतल्या नोटरीकडे गेले आणि पावणेचारला परत आले, तेव्हा दोघांचेही चेहरे उतरलेले होते. ओहायोत विकणाऱ्याने नोटरीच्या समोरच सही करावी लागते. आधी केलेली सही चालत नाही. तो कागद आता बाद झाला होता. जिल्ह्याच्या कचेरीतून नवा काढायचा होता. कचेरी साडेचारला बंद होणार होती आणि अर्ध्या तासाच्या अंतरावर होती. मी किती मैल धावले, तो आकडा टिपून घेण्यासाठीच केवळ ते घरी आले होते.

आकडा लिहायला एक मिनिट लागले. त्यानंतर जे झाले, त्याने माझा जीव मेटाकुटीला आला.

"सगळी चूक माझी," मार्लिसबाई म्हणाल्या. "मीच सांगितलं ना तुम्हाला सही करा म्हणून."

"छे छे, मी इथला माणूस. मला माहीत असायला हवं होतं. हे कागदाचं सगळं लोरेनच बघायची."

"तुम्ही स्वतःला बोल लावू नका हो. एवढं जेवण करून घातलंत, बसस्टँडवर घ्यायला आलात..."

"त्यात काय एवढं? तो ॲपल पाय तरी कुठे खाल्लात तुम्ही नीट? थांबा, उरलेला बांधून देतो. वाटेत लागेल."

"अहो नको, खरंच नको."

"अहो, असू द्या."

निघा ना, असे मला ओरडावेसे वाटत होते. पण माझ्या भोंग्यावर कोणाचा हात नव्हता. ॲपल पाय डब्यात बांधला गेला, काट्यासकट. डबा परत कसा पाठवायचा, यावर बोलणे झाले. मार्लिसबाई ट्रकमध्ये बसल्यावर वेंडेल खिडकीशी उभे राहून पुन्हा एकदा दिलगीर झाले आणि बाईंनीही खिडकीतून पुन्हा एकदा ती दिलगिरी नाकारली. चार वाजून दोन मिनिटांनी ट्रक निघाला. पाचच्या सुमारास तो परत आला. कचेरीचे दार त्यांच्या डोळ्यांदेखत बंद झाले होते, आणि आता सोमवार सकाळीच उघडणार होते.

शनिवार तसाच गेला. मार्लिसबाईंना लोरेनच्या शिवणाच्या खोलीत जागा दिली होती. दिवसातून तीनदा त्या बाहेर येत, माझ्याभोवती एक फेरी मारत, आणि जिथे प्लेट असायला हवी तिथल्या चार रिकाम्या छिद्रांकडे बघत उभ्या राहत.

दुपारी शेजारचे रस्टी कुंपणावर कोपरे टेकवून म्हणाले, "माझ्या जुन्या ट्रकची प्लेट पडून आहे, वहिनी. दोन स्क्रूंचं काम. सकाळी निघालात तर संध्याकाळी घरी. रविवारी पोलीसही चर्चमध्ये असतात."

"आणि एखादा नसला तर?" मार्लिसबाईंनी विचारले.

"तर गोड हसायचं."

"ते गाडी ओढून नेतील, रस्टी. मग मी कितीही हसले, तरी मंगळवारी डूएनला काय खांद्यावरून नेऊ?"

"मी आपलं सुचवलं. तुमच्याकडे सगळेच असे सरळ असतात का?"

"नाही. आमच्याकडेही तुमच्यासारखे असतात. पण माझा नवरा सध्या कोणाच्या तरी सहीची वाट बघत पलंगावर पडलाय. मला कुठेही अडकून चालणार नाही."

रस्टी हसले, पण प्लेट आणायला गेले नाहीत.

रविवारी वेंडेल नेहमीप्रमाणे माझ्यात येऊन बसले. इंजिन सुरू झाले. मार्लिसबाई दाराशी आल्या आणि संकोचाने म्हणाल्या, "रॅम्प... चालतो ना?"

"चालतो की. छान चालायचा," वेंडेल म्हणाले आणि समोरच्या काचेतून पाहत राहिले.

त्यांचा हात स्टिअरिंगच्या चाकावर होता. बटण त्या हातापासून वीतभर लांब होते. मार्लिसबाईंनी त्या हाताकडे पाहिले, काचेखाली राहून गेलेल्या लोरेनच्या हातमोज्याकडे पाहिले, आणि 'दाखवता का?' हा साधा प्रश्न विचारला नाही. शेकडो मैल प्रवास करून आलेली ही बाई, जिचा सगळा भरवसा त्या एका फळीवर होता, ती समोरच्याचे मन दुखेल म्हणून गप्प राहिली. मित्रांनो, कायदा कडक असतो म्हणून मी चिडले नव्हते; कायद्याने निदान आपले म्हणणे स्पष्ट सांगितले होते. माझा संताप होता तो या भल्या माणसांच्या भिडेवर.

सोमवारी आठ वाजता ते कचेरीच्या पायरीवर होते. नवा कागद मिळाला, वेंडेल यांनी या वेळी अधिकारीबाईंच्या समोर सही केली. तात्पुरती प्लेट मात्र तिथे मिळत नव्हती. त्यासाठी गावाच्या दुसऱ्या टोकाला दुसरी कचेरी होती, आणि तिच्यात रांग होती. दुपारी एकला माझ्या पाठीवर कागदी प्लेट बसली. ठळक आकडे, खाली मुदतीची तारीख. धातूचा दिमाख तिला नव्हता. पण मी आता रस्त्यावर उतरण्यास पात्र होते.

निघताना वेंडेल यांनी माझ्या चौकटीवर हात ठेवला. त्या दिवशी निरोप लवकर आटोपला.

आम्ही पश्चिमेकडे निघालो. शिकागोच्या आसपास पाऊस आणि ट्रकांची गर्दी लागली. संध्याकाळी मार्लिसबाई एका स्वस्त मोटेलात थांबल्या आणि पहाटेच पुन्हा निघाल्या. पावणेनऊ वाजता, केंद्र पाऊण तासावर आले असताना, आमच्या मागे निळे-लाल दिवे लागले.

तरुण पोलीस खिडकीशी आला. "बाई, मागच्या प्लेटवरची तारीख दिसत नाहीये."

मार्लिसबाईंनी शेजारच्या आसनावरची फ्रीजरची पारदर्शक पिशवी उचलून त्याच्या हातात दिली. "मालकीपत्र. विक्रीची पावती. विमा. तात्पुरत्या प्लेटचा कागद. माझा परवाना. लग्नाचा दाखला घरी आहे. तो हवा असेल तर तुम्हाला माझ्यामागून यावं लागेल."

पोलिसाने एकेक कागद पाहिला. आपल्या गाडीत जाऊन तपासून आला. मग माझ्या मागे जाऊन त्याने बाहीने प्लेट पुसली.

"चिखल होता," तो म्हणाला. "बाकी सगळं व्यवस्थित आहे. इतकं व्यवस्थित मी महिनाभरात पाहिलं नाही. सावकाश जा."

"सावकाशच चाललंय, बाळा. शुक्रवारपासून."

त्यात चौदा मिनिटे गेली. पुढे रस्त्याचे काम लागले, त्यात आणखी वीस. आम्ही केंद्राच्या दारात पोहोचलो, तेव्हा दहा वाजून सात मिनिटे झाली होती. वृद्धाश्रमाची पांढरी गाडी तिथे उभी होती आणि तिच्यात एक सूटकेस चढलेली होती. डूएन मात्र फुटपाथवर होते. त्यांनी खुर्चीचे दोन्ही ब्रेक लावले होते आणि हात छातीशी बांधले होते.

परिचारिका म्हणत होती, "डूएन, ऐका माझं. त्यांना अजून दोन पेशंट घ्यायचेत."

"मग घेऊ दे की. माझी बायको वाचनालयाचं पुस्तकसुद्धा तारखेच्या आधी परत करते. येईल ती." मग त्यांना मी दिसले. "ती बघा. सात मिनिटं उशीर! हे आयुष्यभर ऐकवीन मी तिला."

मार्लिसबाई उतरल्या. त्यांनी परिचारिकेकडे पाहून मान डोलावली आणि बटण दाबले.

दार सरकले. फळी चार बोटे बाहेर आली, करकरली आणि थांबली.

त्यांनी पुन्हा दाबले. मी सारे बळ लावले. माझ्यात बळ होते. पण खाचेत अकरा महिन्यांची पाने दगडासारखी बसली होती. पांढऱ्या गाडीच्या चालकाने घड्याळ पाहिले. मार्लिसबाई पालथा हात तोंडावर ठेवून उभ्या राहिल्या.

"मी विचारलं होतं त्यांना," त्या म्हणाल्या. "आणि उघडून बघितलं नाही. मला लाज वाटली रे उघडायला सांगायची."

"रडू नंतर, अगं. आधी वाक," डूएन म्हणाले. त्यांनी ब्रेक सोडून खुर्ची माझ्या अगदी जवळ आणली आणि मान तिरकी करून आत पाहिले. चाळीस वर्षे यंत्रे उघडलेल्या माणसाची नजर होती ती. "मोटर ठीक आहे. आवाज ऐक ना. काहीतरी अडकलंय. डाव्या खाचेत हात घाल. चमचा आहे?"

"पायचा डबा आहे. त्यात काटा आहे."

"आण काटा. आणि तो ॲपल पाय इकडे दे."

मार्लिसबाई गुडघ्यांवर बसून काट्याने खाच उकरू लागल्या. काळी, ओली पाने मूठमूठ बाहेर आली. डूएन वरून सांगत होते, "अजून आत... तिथेच... आता ओढ." शेवटी एक मोठा लगदा निघाला. त्यांनी बटण दाबले. फळी थरथरत, कुरकुरत, पण थेट जमिनीपर्यंत आली आणि टेकली.

परिचारिकेने स्वतः जाऊन सूटकेस काढून आणली.

डूएन वर चढले. कोणी ढकलले नाही. आत आल्यावर त्यांनी तोल सावरण्यासाठी माझ्या चौकटीवर हात ठेवला. लोरेन ठेवायची, नेमका तिथेच. ते काही म्हणाले नाहीत. त्यांच्या तोंडात ॲपल पायचा घास होता.

तीन आठवड्यांनी पोस्टाने धातूच्या दोन प्लेटा आल्या. खुर्चीतून हात अगदी बंपरपर्यंत पोहोचतो, म्हणून त्या डूएननीच बसवल्या. वेंडेल यांचा डबा पोस्टाने परत गेला. त्यात चीज होते आणि एक चिठ्ठी. चिठ्ठीत रॅम्प छान चालतो, एवढेच लिहिले होते.

मित्रांनो, ते खोटे नव्हते. आता तो रोज चालतो. पण तुमच्याकडे एखादी वस्तू असेल, तर तिचे केवळ इंजिन सुरू करून तिची काळजी घेतल्याचे समाधान मानू नका. ज्या कामासाठी ती आहे, ते काम तिला अधूनमधून करू द्या, कितीही जड गेले तरी. आणि कोणाकडून ती घेत असाल, तर त्याच्या दुःखाचा मान राखून का होईना, विचारा: "एकदा उघडून दाखवता का?" वेंडेल यांनी कदाचित डोळे पुसले असते. पण बटण त्यांनी दाबले असते, हे मी खात्रीने सांगते. आणि नऊ वर्षे लोरेनला वर घेणारी फळी त्यांनी आणखी एकदा उघडलेली पाहिली असती.