वळणावरचा हॉर्न

दोन हजार तेवीसचं साल. दसऱ्याला विश्वजीत शिक्रापूरहून वडगाव रासाईला आला, ओसरीतल्या वडलांच्या मोटारसायकलला किक मारून मारून घामाघूम झाला, पण गाडी चालू होईना. दिवा नाही, हॉर्न नाही.

"आई, रविवारी भंगारवाल्याला आणतो. ओसरी तरी मोकळी हुईल," म्हणाला आणि गेला.

मोकळ्या ओसरीचं काय करायचं, हे चांगुणाबाईंना कळेना. घरात त्या एकट्याच होत्या. साहेबरावांना जाऊन चार वर्षं झाली होती. ते असताना बंधाऱ्याच्या वळणावर दोनदा हॉर्न वाजायचा, की चांगुणाबाई आधण ठेवायच्या. ते दारात येईपर्यंत चहा गाळलेला असायचा. तो हॉर्न एकदा तरी ऐकायचा होता. भंगारात गेल्यावर कुठून ऐकणार?

शनिवारी दुपारी त्यांनी नदीपलीकडून, केडगावहून गेणबा मिस्त्रीला बोलावून घेतलं. साहेबरावांच्या गाडीला वीस वर्षं त्याचाच हात लागत आला होता.

गेणबानं आधी आपल्या गाडीची बॅटरी काढून हिला जोडली. काही नाही. फ्यूज पाहिला, धड होता. मग दोन वायरी जोडलेला छोटा बल्ब काढला. एक वायर इंजिनाला धरली आणि दुसरी एकेका ठिकाणी टेकवत गेला. बॅटरीपाशी बल्ब पेटला. फ्यूजच्या पुढं पेटला. किल्लीच्या स्विचात शिरणाऱ्या वायरीवरही पेटला. स्विचातून बाहेर येणाऱ्या वायरीवर मात्र किल्ली फिरवूनही पेटेना.

"हितवर करंट येतोय, काकू. हितनं फुडं न्हाई."

त्यानं स्विच खोलला. आत हिरवा गंज, आणि गंजात लाल गोळा.

"ह्यो काय परकार? उंदरानं कुंकू खाल्लं का काय?"

चांगुणाबाई खाली बघू लागल्या. "अमुशाला पूजा करते मी. हँडलवर तांब्याभर पाणी घालते, आन् किल्लीच्या भोकाला वलं कुंकू लावते."

"दर अमुशाला?"

"व्हय. चार वर्सं."

"म्हंजी पन्नासएक डोस की!" गेणबा हसला आणि लगेच त्यानं जीभ चावली. साहेबराव गेल्यापासून घरातली कुंकवाची डबी तेवढ्याच कामाला उघडत होती, हे त्यालाही उमगलं असावं.

"मीच मारली व्हय रे तिला?"

"मारताय कशाला! अजीर्ण झालंय नुसतं."

त्यानं स्विच पेट्रोलनं धुतला, पॉलिश पेपरनं घासला, फुंकून जागेवर बसवला. किल्ली फिरवताच हिरवा दिवा लागला. तिसऱ्या किकला गाडी धडधडू लागली. त्याचा अंगठा हॉर्नकडं गेला.

"थांब!" चांगुणाबाई ओरडल्या. "हितं नको. वळणावर जा. तिथनं वाजीव. दोनदा."

गेणबानं त्यांच्याकडं पाहिलं आणि गाडी वळणाकडं काढली.

त्या स्वैपाकघरात दाराकडं पाठ करून बसल्या. बराच वेळ नदीवरच्या पाण्याच्या मोटारीची घरघर तेवढी ऐकू येत होती. मग हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. त्यांचा हात आपसूक पातेल्याकडं गेला.

कप घेऊन बाहेर आल्या, तर गाडीवरून गेणबा उतरत होता. दुसरं कोण असणार होतं? तरी त्या उंबऱ्यावर घडीभर थांबल्या.

"साखर लई कमी हाय, काकू," घोट घेत गेणबा म्हणाला.

"त्यान्ला तशीच लागायची."

दुसऱ्या दिवशी विश्वजीतनं भंगारवाल्याला परत पाठवलं आणि गाडी शिक्रापूरला नेली. आता ट्रकांच्या गर्दीतून तिच्यावरच कंपनीत जातो. गेणबाचे गुडघे गेले; दुकान बंद करून तो दौंडला लेकीकडं राहतो. चांगुणाबाई अमावास्येला ओसरीतल्या मोकळ्या जागी झेंडूचं फूल ठेवतात, कोरडंच. विश्वजीत महिन्यातून एकदा येतो. वळणावर हॉर्न वाजवायची त्याला सवय नाही आणि त्यांनी कधी सांगितलंही नाही. चहा तो आल्यावर टाकतात.