लायल सभेत बोलला
हॅमर्स ही अमेरिकन फुटबॉलची टीम हरत होती यात टोलेडो शहरातल्या लोकांना नवीन काही नव्हतं. बाप हरताना बघत म्हातारे झाले, आता मुलं बघत होती. त्या वर्षी नवीन होतं ते इतकंच, की ज्याच्या नावाने सगळं गाव खडे फोडत होतं, तो मुलगा गावचाच होता. क्विंट बोल्डन. टीमचा क्वार्टरबॅक, म्हणजे ज्याच्या हातून प्रत्येक डाव सुरू होतो आणि डाव फसला की ज्याला सगळे धरतात, तो. आणि लायल पेट्रॉफसाठी तर तो गावचाच नव्हे, घरचाच मुलगा होता.

लायलने आयुष्यभर शहर बस चालवली. क्विंटचा बाप मार्विन रेल्वेच्या यार्डात होता. दोघांची ओळख झाली ती स्टेडियममध्ये, शेजारशेजारच्या सीटवर. पहिल्याच मॅचला कोचने चेंडू पळवायला हवा होता की फेकायला, यावरून दोघांचं जुंपलं. मॅच संपली, लोक पांगले, तरी हे दोघे पार्किंगमध्ये मार्विनच्या ट्रकला टेकून भांडत होते. पुढच्या रविवारी मार्विनने शेगडी आणली, लायलने सॉसेज आणले, आणि भांडण पुढे चालू झालं. ते मग चालूच राहिलं. कुठल्या खेळाडूला घ्यावं, कुणाला काढावं, मॅनेजर गाढव आहे की चोर, एका गोष्टीवर त्यांचं एकमत म्हणून झालं नाही. लायलची बायको नॉर्मा गेली, त्या वर्षी तो घरातून बाहेर पडेना. तेव्हा मार्विन दर रविवारी दारात ट्रक उभा करून हॉर्न वाजवायचा आणि लायल बसला की म्हणायचा, “तुझं मागच्या आठवड्याचं म्हणणं किती मूर्खपणाचं होतं, ते आता ऐक.” लायल सावरला तो अशा बोलण्यावर.

क्विंट त्या शेगडीभोवतीच वाढला. लायलच्या मांडीवर बसून त्याने मॅचेस पाहिल्या. कॉलेजात त्याचं नाव झालं आणि नव्या खेळाडूंची निवड झाली तेव्हा हॅमर्सनेच त्याला उचललं. त्या दिवशी मार्विन टीव्हीसमोर ढसाढसा रडला, आणि लायलने, जो नॉर्माच्या दफनालाही कोरडा उभा होता, त्याने तोंडावर टोपी ओढून घेतली.

पहिलं वर्ष बरं गेलं. दुसऱ्या वर्षी टीमच्या जनरल मॅनेजरने, केंडल नावाच्या गुळगुळीत बोलणाऱ्या माणसाने, पुढच्या फळीतले दोन पहाडासारखे गडी सोडून दिले. क्वार्टरबॅकवर समोरचे तुटून पडतात त्यांना अडवणं हे या फळीचं काम. त्यांच्या जागी जे आणले ते दरवाजे होते, आणि तेही उघडे. चेंडू क्विंटच्या हातात आला की दुसऱ्या क्षणी दोन-तीन आडदांड अंगं त्याच्यावर. ऑक्टोबर येईपर्यंत तो चेंडू मिळण्याआधीच मान आक्रसायला लागला. बघणाऱ्याला ते कळत होतं. जो क्वार्टरबॅक माराची वाट बघत खेळतो, त्याच्या हातून चेंडू भलत्याच माणसाकडे जातो, आणि तसाच तो जात होता.

पार्किंगमध्ये शेगडीभोवती जमणारी मंडळी आता दोन प्रकारे बोलायची. मार्विन बर्फ आणायला गेला की क्विंटवर. मार्विन आला की हवेवर. डॉटी कोवाल्स्की, जी वर्षानुवर्षं घरून पिएरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या पोलिश करंज्या, करून आणायची आणि जिचा आवाज तीन रांगा पलीकडे ऐकू जायचा, तीसुद्धा मार्विनला पाहून डबा उघडायच्या गडबडीत पडायची.

एकदा मार्विननेच विषय काढला. “बोला की,” तो म्हणाला. “मी काय काचेचा आहे?”

तेव्हा लायल म्हणाला, “पोराचा दोष नाही. फळी कुजकी आहे. त्याला काढू नये, खेळू द्यावं. सावरेल तो.”

मार्विनने त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. “खरंच असं वाटतं तुला?”

“वाटतं म्हणून तर बोललो.”

पण तसं वाटत नव्हतं. आदल्याच आठवड्यात डॉटीला घरी सोडताना लायल तिला म्हणाला होता की हा मुलगा मोडतोय, त्याला बाकावर बसवायला हवं, आणि तो राखीव क्वार्टरबॅक, म्हातारा हेस आहे ना, त्याच्या हातात टीम द्यायला हवी. हेसच्या गुडघ्यात जीव नाही, पण डोक्यात भीती पण नाही. डॉटी म्हणाली, मग हे मार्विनला सांग. लायल म्हणाला, सांगेन. आणि पुढचे सगळे रविवार तो मार्विनला उलटंच सांगत राहिला. जन्मभर ज्या माणसाशी त्याने प्रत्येक गोष्टीवर वाद घातला, त्याच्या हो ला हो करताना त्याला आपण दोस्ती निभावतोय असंच वाटत होतं.

नोव्हेंबरात हरण्याची मालिका इतकी लांबली की स्टेडियम रिकामं पडायला लागलं. मग केंडलने वर्षाची तिकिटं घेणाऱ्या लोकांची सभा बोलावली. शनिवारी दुपारी, स्टेडियमच्याच हॉलमध्ये. मॅनेजमेंट तुमचं ऐकून घेणार, प्रत्येकाला दोन मिनिटं. मार्विन आला नाही. मुलाबद्दल लोक काय बोलतात ते मी कॉफी पीत ऐकू काय, असं म्हणाला. त्याने लायललाच सांगितलं, “तू जा. त्या केंडलला माझ्या वाटचंही ऐकव.”

लायल ते ऐकवायलाच गेला होता. बसमध्ये जन्म गेलेला, पण बोलायला कच्चा नव्हता. माईक हातात आल्यावर त्याने सुरुवात झकास केली. दोन गडी का सोडले, त्यांच्या जागी ही बुजगावणी कुणी आणली, बावीस-तेवीस वर्षांच्या पोराला लांडग्यांपुढे उभं करून तुम्ही वर काचेमागे बसता, हे विचारलं. लोक ऐकत होते, पण गप्प. फळीची गोष्ट त्यांनी फार वेळा ऐकली होती. लायलला ती शांतता टोचली. तो म्हणाला, “मी या मुलाला रांगताना पाहिलंय. माझ्याइतकं त्याचं भलं कोण चिंतणार. पण मीही सांगतो, हे त्याच्याच्याने होणार नाही.”

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. मागून कुणी शीळ घातली. एवढ्या लोकांनी त्याच्यासाठी टाळ्या वाजवण्याचा प्रसंग त्याच्या वाट्याला कधी आला नव्हता. त्याला तिथेच थांबता आलं असतं. पण टाळ्या ओसरायच्या आत तो पुढे बोलून गेला, “या मुलाच्या डोळ्यांत भीती बसलीय. तो आपल्याला कधीच जिंकून देणार नाही. बसवा त्याला खाली.”

लोक उभे राहिले. व्यासपीठावर केंडल मान डोलावत होता आणि काहीतरी लिहून घेत होता. खाली बसताना लायलच्या खांद्यावर कुणाकुणाचे हात पडले. शेजारी बसलेली डॉटी मात्र समोर बघत राहिली. तिने फक्त विचारलं, “मार्विनशी बोलला होतास ना?”

संध्याकाळच्या बातम्यांत त्याचं भाषण आलं. मॅनेजमेंटबद्दलचं एक अक्षर नाही. टोपी घातलेला एक म्हातारा, खाली पट्टी, क्विंटच्या घराचा जुना स्नेही, आणि त्याच्या तोंडी तेवढीच शेवटची वाक्यं. लायलने टीव्ही बंद केला आणि मार्विनला फोन लावला. कुणी उचलला नाही.

मंगळवारी केंडलने पत्रकारांना बोलावून सांगितलं की आता हेस खेळेल, आणि क्विंट बोल्डनला टीम मोकळं करत आहे. निर्णय जड होता, तो म्हणाला, पण ज्यांनी क्विंटला लहानपणापासून पाहिलं त्यांनाही हेच वाटतं, आणि आम्ही आमच्या लोकांचं ऐकतो. दोन गडी कुणी सोडले हे त्या दिवशी कुणी विचारलंच नाही. सगळं खापर एका पोराच्या डोक्यावर फुटलं होतं आणि ते फोडायला हात लायलचा वापरला होता.

बुधवारी सकाळी लायल मार्विनच्या घरी गेला. दार क्विंटने उघडलं. दिवाणखान्यात खोकी पडली होती. पश्चिमेकडच्या कुठल्याशा टीमने त्याला राखीवांतला राखीव म्हणून बोलावलं होतं. त्याच्या गालावरचा वळ पिवळा पडत चालला होता.

“या काका,” तो म्हणाला. मागे सरून वाट दिली.

लायलला वाटलं होतं मुलगा दार आपटेल. त्याची तयारी तो वाटभर करून आला होता. या ‘या काका’ची तयारी नव्हती. तो तिथेच, पायपुसण्यावर उभा राहून म्हणाला, की मला म्हणायचं होतं वेगळं, ते टीव्हीवाल्यांनी कापलं.

“तुम्ही म्हणालात त्यात खोटं काय होतं?” क्विंट म्हणाला. “भीती वाटतेच मला. झोपेत पण वाटते.” तो खोक्यावर चिकटपट्टी लावायला वाकला. “फक्त एक आहे काका. दर रविवारी मॅच झाली की बाबांचा फोन यायचा. म्हणायचे, लायल म्हणतोय तुझा दोष नाही, लायल म्हणतोय तू सावरशील. बाबा तर बापच आहेत, ते म्हणणारच. पण तुम्ही कधी कुणाला बरं वाटावं म्हणून खेळाबद्दल बोलत नाही, हे मला लहानपणापासून माहीत. म्हणून मी धरून होतो. नाहीतर ऑक्टोबरातच कोचला जाऊन सांगितलं असतं की मला थोडे दिवस बसू द्या.”

लायल खोकी ओलांडून आत गेला.

मार्विन स्वयंपाकघरात टेबलाशी बसला होता. त्याची बायको जेनीव्ह लायलला बघून उठली आणि मागच्या अंगणात गेली. लायल समोर बसला. त्याने माफी मागितली. टाळ्या डोक्यात गेल्या, हेही सांगितलं. मार्विनने सगळं ऐकून घेतलं.

“खेळाबद्दल तू बरोबर होतास,” तो शेवटी म्हणाला. “मलाही दिसत होतं. मी काय आंधळा आहे? मी दर रविवारी वाट बघायचो, की आता हा बोलेल. तू म्हणाला असतास, मार्विन, पोराला बाहेर काढ, मरेल तो, तर मी तुझ्याशी भांडलो असतो. शिव्या दिल्या असत्या. आणि घरी येऊन त्याला फोन केला असता.”

“मला तुला दुखवायचं नव्हतं.”

“एवढी वर्षं दुखवतच होतास की. त्याचीच तर सवय होती मला.” मार्विनने टेबलावर हात फिरवला. “या टेबलाशी बसून म्हणाला असतास तर चाललं असतं, लायल. परक्यांच्या हॉलमध्ये नाही.”

मग तो उठला आणि मुलाला खोकी उचलू लागायला गेला. लायलनेही एक उचललं. मार्विनने ते त्याच्या हातातून हळूच काढून घेतलं.

वर्षातली घरच्या मैदानावरची शेवटची मॅच डिसेंबरात होती. लायलला वाटलं मार्विन येणार नाही, पण पहिला डाव सुरू व्हायच्या आधी तो आला आणि आपल्या सीटवर बसला. कोट तोच, मफलर तोच. लायल म्हणाला, “आलास.” मार्विन म्हणाला, “तिकीट होतं.” एवढंच. दोघांचे खांदे नेहमीसारखे एकमेकांना लागत होते, सीटा अरुंद होत्या, पण मधल्या वेळात कॉफी आली तेव्हा, एरवी एकजण दोघांची घ्यायचा तिथे, दोघांनी आपापली घेतली.

आणि हॅमर्स खेळले. हेस लंगडत मागे जायचा, मार खायचा, उठायचा आणि पुन्हा चेंडू मागायचा. शेवटच्या मिनिटाला त्याने कोपऱ्यात असा चेंडू टाकला की धरणाऱ्याने नुसते हात पुढे करायचे. टीम जिंकली. सगळं स्टेडियम उठून उभं राहिलं, अनोळखी माणसं गळ्यात पडली, खालच्या रांगेतून डॉटी डोळे पुसत वर बघत होती. लायलही उठायला गेला. अर्धा उठला आणि त्याला दिसलं की मार्विन बसून आहे, हात मांड्यांवर, मैदानाकडे पाहत. लायल परत खाली बसला.

“उभा राहा,” मार्विन म्हणाला. आवाजात राग नव्हता. “तुला हवं तेच झालंय.”

लायल उभा राहिला नाही. लोक नाचत होते आणि त्या सगळ्या पायांच्या जंगलात हे दोन म्हातारे बसून होते. गर्दी थोडी हलल्यावर मार्विनने मफलर घट्ट केला आणि पायऱ्या उतरून गेला. पार्किंगमध्ये लायल पोचला तेव्हा ट्रक निघून गेलेला होता. लायल डॉटीच्या गाडीतून घरी आला. वाटेत ती मॅचबद्दल बोलायला लागली आणि मग आपणच थांबली.

जानेवारीत मालकाने केंडलला हाकललं. लायल दुपारचं सूप गरम करत होता तेव्हा रेडिओवर बातमी आली. डॉटीचा लगेच फोन, किंचाळतच. गावात गाड्यांचे हॉर्न वाजत होते. ज्या माणसाच्या नावाने त्यांनी वर्षभर बोटं मोडली तो गेला होता. आता नवा कोण आणायचा, हेसला अजून वर्षभर ठेवायचं का, की पुन्हा कुणी कोवळं पोर निवडायचं, असे महिनाभर पुरतील एवढे वाद एका बातमीतून निघत होते. लायलच्या बोटांनी नंबर फिरवला, आणि आपण कुणाला फोन लावतोय हे त्याला घंटी वाजायला लागल्यावर कळलं.

जेनीव्हने उचलला. लायल म्हणाला, “केंडलला काढला. मार्विनला सांगतेस?”

“बाहेर आहे तो. बर्फ काढतोय. थांब.”

तिने फोन चालूच बाजूला ठेवल्याचा आवाज आला, मग दार उघडल्याचा. लायल कानाला फोन लावून उभा राहिला. सूप उतू जायला लागलं तसा त्याने गॅस बंद केला. तिकडे बाहेर फावडं थांबलं, जेनीव्हचं काही बोलणं झालं, मग फावडं पुन्हा चालू झालं.

“लायल?” ती परत आली होती. “ऐकलंय म्हणतो.”

“बरं,” लायल म्हणाला. मग त्याने विचारलं, “क्विंट कसा आहे?”

“खेळत नाही. पण झोप लागते म्हणाला.” ती घुटमळली. तिला आणखी काही सांगायचं असावं, किंवा लायलने काही विचारावं असं वाटत असावं. मग ती म्हणाली, “जेवून घे तू,” आणि हलकेच फोन ठेवला.