कुणीच न पाहिलेलं दुखणं

या बायांनो, अशा जवळ सरका. आजची गोष्ट अंगाची आहे, लाऊडस्पीकरवरून सांगायची नव्हे. बाप्यांनी कान दिला तरी पांडुरंग रागवायचा नाही, अंग त्यानंच घडवलंय.

कराडजवळच्या एका गावात राजेश्वरी काल्याच्या कीर्तनाला बसली होती. बसली म्हणायचं एवढंच. घडीत या मांडीवर, घडीत त्या मांडीवर, मग उकिडवी. साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी दर आठवड्याला पोटात टोचायची सुई दिली होती. भूक मेली आणि जाडजूड राजेश्वरी वर्षात निम्मी झाली. गावानं तोंड भरून कौतुक केलं. पण बसायला जी मऊ गादी देवानं दिली होती, तीही उतरली. सतरंजीवर हाडं टोचायची, नाजूक कातडी चिरडायची.

शेजारची रंगुबाई खुसखुसली, "आगं, मुंगळं चावत्यात काय? का फौजी रजेवर यायचाय म्हणून जीव थाऱ्यावर न्हाई?"

बाया हसल्या. राजेश्वरीला घाम फुटला. नवरा वीरधवल यायच्या आत सांगलीत तिचं ऑपरेशन ठरलं होतं. आंघोळ करताना एक दिवस हाताला खाली काहीतरी सैल, लोंबतं लागलं. आग तर आधीपासूनच होती. तिनं चुलत जावेच्या कानात सांगितलं. जाऊ म्हणाली, "अंग बाहेर आलं बघ. पिशवी काढून टाक. माझी काढली, सुटले." आणि आपल्या ओळखीच्या दवाखान्यात फोन करून तारीखही घेऊन टाकली. लेकीच्या, सृष्टीच्या पाठीवर एक लेकरू हवं होतं राजेश्वरीला. ते कुणाला सांगणार?

ती तोंडाला पदर लावून मंडपाबाहेर आली. मागोमाग सासू बनुबाई. जन्मात कधी अर्ध्या कीर्तनातून न उठलेली बाई!

"आत्या, तुमी कशाला उठला? हंडी फुटायची हाय अजून."

"फुटू दे. तुला काय हुतंय?"

राजेश्वरीनं अडखळत सगळं सांगितलं. बनुबाईनं एकच विचारलं, "बघितलं का कुणी?"

"काय?"

"वाकून, डोळ्यानं. बघितलं का कुणी?"

"न्हाई. ऐकूनच कळलं की सगळ्यास्नी."

"व्हय. ऐकूनच कळतंय सगळ्यास्नी," बनुबाई म्हणाली आणि चप्पल शोधू लागली.

दुसऱ्या दिवशी सांगलीच्या एसटीत राजेश्वरी दांडा धरून उभीच. कंडक्टर म्हणाला, "ताई, सीट मोकळी हाय की!" ती बसली, उठली, पुन्हा बसली. खरंच पिशवी उतरली असली तर?

बनुबाईनं तिला जावेनं ठरवलेल्या दवाखान्यात नेलंच नाही. दुसरीकडं, ब्राह्मी नावाच्या तरुण डॉक्टरीणबाईकडं नेलं. त्यांनी पडदा ओढला, हातमोजे चढवले. "खोका. आता जोर द्या. अजून." राजेश्वरीनं डोळे मिटून सासूचा हात आवळला.

"पिशवी जागच्या जागी आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वजन झपाट्यानं उतरलं की गाल बसतात ना, तसाच तिथलाही भरीवपणा जातो. हाताला लागली ती सैल पडलेली कातडी. आगीला मलम देते, बसायला उशी घ्या. मूल हवं असेल तर सुई आधी वेळेवर बंद करावी लागेल, तुमच्या डॉक्टरांशी मी बोलते. कापायचं काही नाही."

"मग पयल्यासारखं हुईल?"

"आग थांबेल. आकार थोडा असाच राहील. तो आजार नव्हे."

"आन त्येंनी बघितल्यावर?"

बनुबाईच म्हणाली, "गोळीबारात उभा ऱ्हातोय त्यो, कातडीला भिईल व्हय?"

डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. राजेश्वरीलाही, कितीतरी दिवसांनी.

बाहेर येऊन तिनं जावेला फोन केला, ऑपरेशन नको म्हणून सांगितलं. वळून बघते तर बनुबाई बाकावर बसलेली, उठायचं नावच घेईना.

"आत्या, गाडी चुकंल."

"माझीबी काढलीया," बनुबाई म्हणाली. "वीरू झाला, त्येच्या मागनं लगीच. लेक पायजे हुती मला. मलाबी कुणी बघितलं न्हवतं गं."

त्या कडक बाकावर राजेश्वरीला बसवत नव्हतं. तरी ती सासूला चिकटून बसली, हलली नाही.

बायांनो, रात्री हात जोडाल तेव्हा लेकीसुनांसाठी मागाल ते मागा. त्यात घटकाभर आमच्या बनुबाईचीही आठवण असू द्या.