ढाब्याची मागची बाजू

वच्छलाचं चांगलं झालेलं मला बघवत नाही, हे आधीच सांगून टाकते. लोक असल्या गोष्टी पोटात ठेवतात, मला नाही जमत.

शहागडला हायवेच्या कडेला अण्णासाहेबांचा ढाबा आहे. ट्रकवाले जेवतात, पितात आणि बाटल्या-डबे मागच्या अंगणात भिरकावतात. ती मागची बाजू नऊ वर्षं माझी होती. आमच्या भंगार वेचायच्या धंद्यात कागदपत्र नसतं, पण कुठला ढाबा कोणाचा हे सगळ्या बायांना ठाऊक असतं आणि दुसरीच्या जागेत कोणी पोतं घेऊन शिरत नाही. बाकीच्या बाया पुलाखाली, नदीकाठी वणवण करायच्या तेव्हा मी सावलीत बसून बिअरचे डबे चेपायचे.

मग वच्छला टेंभुर्णीहून आली. शेळ्या-मेंढ्या विकून झालेल्या, हातात काही नाही. मीच तिला धंदा शिकवला. बाटलीचं टोपण काढायचं, टाचेखाली बाटली चपटी करायची, टोपण परत घट्ट पिळायचं, म्हणजे ती पुन्हा फुगत नाही. बद्रीशेठच्या भंगाराच्या दुकानातही तिला मीच नेलं.

गेल्या वर्षी माझी लेक प्रियदर्शनी बाळंत झाली. माझ्या पत्र्याच्या खोलीत बाळंतपण कुठे करणार, म्हणून मीच मस्तगडला तिच्या घरी दीड महिना राहिले. जाताना म्हटलं, "वच्छले, ढाबा सांभाळ. म्या आले की माझा मला दे."

परत आले तर अंगण ओळखू येईना. लख्ख झाडलेलं. काच एका कोपऱ्यात, प्लास्टिक दुसऱ्या. अण्णासाहेब गल्ल्यावरूनच म्हणाले, "गोजरबाई, आता हिलाच राहू द्या. ही झाडून-पुसून घेती. तुमी नुसत्या बाटल्या उचलून जायच्या."

"आक्का, म्या न्हाई म्हणलं होतं त्यान्ला," वच्छला माझ्या मागे येत म्हणाली.

म्हणाली असेल. पण ढाबा सोडला का? नाही सोडला.

तेव्हापासून माझी नजर तिच्यावरच. पायात नवी चप्पल आली, ती मला दिसली. अण्णासाहेबांचा गडी तिला चहाचा ग्लास आणून देतो, तेही दिसलं. मला नऊ वर्षांत तिथे कोणी पाणी विचारलं नव्हतं. त्यात हिने नवीन काढलं. टोपणं परत लावायचीच नाहीत, वेगळ्या पिशवीत ठेवायची, कारण त्या प्लास्टिकला शेठ वेगळा भाव देतो. बाटल्या फुगू नयेत म्हणून पोत्यावर रात्रभर दगड. शेठने सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं आणि हळूहळू सगळ्या बाया तसंच करायला लागल्या. माझ्याकडून शिकलेली बाई मलाच शहाणपण शिकवणार! मी मुद्दाम टोपणं पिळतच राहिले.

बद्रीशेठची एक रीत आहे. ज्या बाईने वजन वाढवायला बाटलीत पाणी भरलं, तिचं पोतं पुढे रोज दारात, सगळ्यांसमोर रिकामं करायचं. एकदा नाव गेलं की गेलं, ढाबेवालेही तिला उभं करत नाहीत. मला तेच हवं होतं. वच्छलाचं नाव गेलं की ढाबा माझा.

एका दुपारी ती दुकानाबाहेर पोतं ठेवून नळावर हातपाय धुवायला गेली. मी माझ्या पोत्यातल्या आठ बाटल्या आधीच पाण्याने भरून आणल्या होत्या. त्या तिच्या पोत्यात मधोमध खुपसल्या आणि पदर झटकून बाजूला उभी राहिले. खोटं कशाला बोलू, मला आनंद होत होता.

शेठने पोतं उचललं, जड लागलं तसं तोंड वाकडं केलं आणि जमिनीवर ओतलं. आठही बाटल्या गडगडत बाहेर आल्या. बाया गोळा झाल्या. शेठने एक बाटली हातात घेऊन फिरवली.

"वच्छलाबाई, तुझ्या मालाला टोपण नसतं. हे कोनी लावलं?"

माझ्या हाताला सवय, पाणी भरलं आणि टोपण पिळलं. बिनटोपणाच्या मालात ही आठ टोपणं कशी दिसतील, एवढा साधा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता. बायांमधली बेबीनंदा माझ्या पोत्याकडे बघायला लागली. अख्ख्या शहागडात आता टोपण लावणारी बाई मी एकटीच होते.

वच्छलाने माझ्याकडे एकदाच बघितलं.

"म्याच लावलं, शेठ," ती म्हणाली. "पाणी सांडू न्हाई म्हणून. चुकी झाली."

शेठला पटलं नव्हतं, पण कबूल करणाऱ्या बाईला काय विचारणार?

"मंग उद्यापासून पोतं दारात वतायचं. रोज."

"बराबर हाय," म्हणत ती खाली बसली आणि एकेक बाटली उघडून पाणी सांडायला लागली.

परतीच्या रस्त्यावर मला राहवेना. "कशाला खोटं बोलली गं?"

ती चालत राहिली. आवाजात राग नव्हता, तो असता तर मला कळला असता.

"आक्का, माझ्यापाशी ढाबा हाय. अण्णासाहेबाला म्या समजून सांगीन, त्ये ऐकतेत माझं. तुमचं नाव गेलं असतं तर तुमच्यापाशी काय राह्यलं असतं?"

टोमणा नव्हता तो. तिला खरंच तसं वाटत होतं. शिव्या दिल्या असत्या तर मी खाली मान घालून ऐकल्या असत्या, झिंज्या धरल्या असत्या तरी चाललं असतं. पण माझी कीव करण्याइतकं आता तिच्याकडे होतं, आणि ते मीच तिला देऊन बसले होते.