उजेडाचा कोंबडा

मी व्हिडिओ गेमचा डबा बोलतोय. हसू नका. आमच्याकडं पुढारी तीन-तीन तास बोलतात आणि माणसं मांडी घालून ऐकतात, तिथं मी घटकाभर बोललो म्हणून कुणाचं काही बिघडणार नाही.

माझा जन्म म्हणजे सांगण्यासारखा काही नाही. मुंबईच्या कुठल्याशा गाळ्यात एका सुतारानं प्लायवूडचं कपाट ठोकलं, दुसऱ्यानं त्यात जुना टीव्ही बसवला आणि तिसऱ्यानं परदेशातून आलेली, खेळ भरलेली हिरवी पाटी आत जोडली. पुढं दोन दांडे, थोडी बटणं आणि टोकन टाकायची फट. अंगावर एका राक्षसाचं चित्र चिकटवलं. तो राक्षस माझ्यातल्या खेळात कुठंच नाही, पण आजवर एकाही गिऱ्हाइकानं तक्रार केली नाही.

१९९५ साली मला सांगलीच्या नानासोंनी आणलं. नानासो मूळचे कुंडलचे, उमेदीत मैदानं गाजवलेले पैलवान. गुडघा कामातून गेल्यावर त्यांनी स्टँडमागं गाळा घेतला आणि व्हिडिओ पार्लर थाटलं. स्वतः त्यांनी माझ्या बटणाला कधी बोट लावलं नाही. त्यांच्या बोटाखाली एकदम तीन बटणं यायची.

माझ्यातला खेळ साधा. दोघांनी मिळून सात गल्ल्या पार करायच्या, वाटेत येईल त्या गुंडाला बडवायचं आणि शेवटच्या गल्लीत बसलेल्या एका अवाढव्य माणसाला पाडायचं. त्याचा पोटाचा घेर आणि अर्धा जीव जाईपर्यंत खुर्ची न सोडण्याची चिकाटी बघून पोरांनी त्याचं नाव 'चेअरमन' ठेवलं होतं. कुठल्या कारखान्याचा, ते मी सांगणार नाही. वाटेत पिंपं असतात. ती फोडली की कधी सफरचंद निघतं, कधी अख्खी भाजलेली कोंबडी. सफरचंदानं वरच्या पट्टीतला जीव थोडा भरतो, कोंबडीनं पुरता. ठोसा मारायचं आणि खाणं उचलायचं बटण एकच, त्यामुळं खाण्यावर उभं राहून ठोसा मारायला गेलात तर खाणंच तोंडात जातं.

माझ्यावर खेळणाऱ्यांत दोघं तयारीचे. एक जोतिबा, गॅरेजात काम करणारा, दोन माणसांचं जेवण एकटा उडवणारा. दुसरा सम्मेद, हळदीचे जैन व्यापारी पायगोंडा पाटील यांचा धाकटा. अंगानं इतका किरकोळ की कबड्डीत त्याला दोन्ही बाजू एकमेकांच्या गळ्यात घालायला बघायच्या. माझ्यापुढं मात्र तो उभा राहिला की मागं गर्दी जमायची. बाकी गावाला तो पाटलांचा धाकटा होता, इथं तो सम्मेद होता. ही एवढी एक जागा त्याला होती, आणि ती माझ्यापुढची दीड फूट फरशी होती.

आता पैजेचं सांगतो. नानासोंच्या बायकोचे, म्हणजे गोदावरीकाकींचे भाऊ गंगाधर हे साताऱ्यात असंच पार्लर चालवायचे. भाच्याच्या जावळाच्या जेवणात मेहुणे शेजारी बसले आणि तिसऱ्या वाढीला गंगाधर म्हणाले, "दाजी, सांगलीच्या पोरास्नी हळद विकाया बसवा. गेम खेळावं ते सातारच्या पोरांनी."

नानासोंनी ताट सरकवलं. "लाव पैज! दोघं तुजं, दोघं माजं. एक-एक टोकन. जी जोडी फुडं जाईल तिनं दुसऱ्याचा डबा न्यायचा."

"डबाच लावलासा न्हवं?" वाढता वाढता गोदावरीकाकी म्हणाल्या. "मला न्हाई ना? मग चालू द्या."

मला कुणी काही विचारलं नाही.

नानासोंनी जोतिबा आणि सम्मेदची जोडी ठरवली आणि तयारी सुरू केली. त्यांना शिकवायची एकच रीत ठाऊक होती, तालमीची. भल्या पहाटे जोर-बैठका, वर बदाम घातलेलं दूध, बोटांना तेल चोळून मालिश. इथवर ठीक होतं. पण एक दिवस त्यांनी तालमीतली तांबडी माती डब्यात भरून आणली आणि दोघांना हाताला लावायला लावली, पकड सुटू नये म्हणून. ती माती दांड्याच्या फटीतून माझ्या पोटात गेली. पुढचे काही दिवस सम्मेदचा गडी फक्त डावीकडंच चालत होता.

याहून मोठी चूक फेट्याची. रोज संध्याकाळी ज्याचे गुण जास्त, त्याला नानासो फेटा बांधायचे आणि दुसऱ्याला त्याच्यापुढं बैठका मारायला लावायचे. मैदानात हे शोभतं, तिथं समोरचा चीत झाला की आपण मोठे. इथं दोघं एकाच बाजूचे. आता दोघंही गुंडांना सोडून एकमेकांच्या आधी पिंप फोडायला धावायला लागले. माझ्या खेळात सोबत्यालाही ठोसा बसतो. जोतिबानं चुकून एक दिला, सम्मेदनं मुद्दाम परत केला, आणि गुंड बिचारे बाजूला उभे राहून यांची कुस्ती बघत बसले. पाचव्या गल्लीच्या पुढं गाडी जाईना.

त्यात कोंबडीची भानगड. सम्मेद कोंबडी उचलायचाच नाही. जीव नखाएवढा उरला तरी तिच्यावरून टांग टाकून जायचा. सफरचंदं जोतिबा आधीच हादडायचा. मग चौथ्या गल्लीत सम्मेद गार, आणि पाचव्या गल्लीत एकटा जोतिबा गार.

"खा की रं!" नानासो एकदा भडकलेच. "काचंच्या आत हाय ती. दाताला हाडूक बी लागायचं न्हाई."

सम्मेद खाली बघत म्हणाला, "नियम घेतलाय मी. चातुर्मासात आजीनं मुनीमहाराजांच्या म्होरं उभा केलं हुतं. मांसाला हात लावणार न्हाई म्हणून सांगितलंय."

"आरं, पण ह्यो नुसता उजेड हाय!" जोतिबा म्हणाला.

"पिठाचा कोंबडा कापला तरी पाप लागतं, आजी सांगती. मनात आलं की झालं म्हणं. मग उजेडाचा कसा चालंल?"

"आन् आत्ता इतकी माणसं बडवलीस ती?"

"ती गुंड हायती. कोंबडीनं काय केलंय?"

जोतिबा खिशात दुसरं टोकन शोधायला लागला. माझ्या पोटात तर दोन्ही आहेत, गुंडही आणि कोंबडीही.

चहा घेऊन आलेल्या गोदावरीकाकी हे सगळं ऐकत होत्या. त्यांनी कपबशी माझ्या डोक्यावर ठेवली (नेहमीप्रमाणं, डाग अजून आहे) आणि नवऱ्याला म्हणाल्या, "आवं, एका ताटावर दोघं बसवलासा आन् वर भांडाया लावलासा. माज्या घरात सणाला दोन चुली पेटत्यात. सासूबाईंची येगळी, तुमच्या मटनाची येगळी. कवा भांडण झालं? ह्येला फळ, त्येला कोंबडी. ज्येचं त्येला ठेवा. आन् त्यो फेटा आधी खुंटीला लावा."

नानासोंनी अर्धा कप चहा संपवला. मग उठून त्यांनी फेटा खुंटीला लावला.

दुसऱ्या दिवसापासून गुण मोजणं बंद. दोघांचं मिळून एकच ठरलं, सातवी गल्ली. सम्मेदनं पिंपं फोडायची, कोंबडी निघाली तर "जोत्या, तुजं!" म्हणून ओरडून बाजूला व्हायचं. जोतिबानं गुंड थोपवायचे आणि सफरचंदाला शिवायचं नाही. यातलं शेवटचं सगळ्यात अवघड गेलं. सफरचंद दिसलं की जोतिबाचा दांड्यावरचा हात आपोआप तिकडं वळायचा. तो स्वतःला शिव्या घालत हात मागं घ्यायचा. मला ते आतून कळायचं. पण जमलं. सहावी गल्ली झाली, आणि दिवाळीच्या आधी दोघांनी एक-एक टोकनात पहिल्यांदा चेअरमनचं तोंड पाहिलं. त्या दिवशी सम्मेद मला टेकून कितीतरी वेळ उगाच हसत होता.

दिवाळी झाल्यावरच्या रविवारी गंगाधर टेम्पोत आपला डबा बांधून सांगलीत उतरले. बरोबर अवधूत आणि शौनक, दोघांच्या अंगावर सारखे निळे टी-शर्ट. पोरं गुणी होती. खोटं कशाला बोलू, एकेकटा धरला तर आमच्या दोघांपेक्षा सरस. माझ्यावरच खेळले आणि टोकन टाकल्यापासून न चुकता थेट चेअरमनच्या गल्लीत पोचले. चेअरमनचा जीव त्यांनी नखाएवढा करून ठेवला. तेवढ्यात पिंप फुटलं, कोंबडी पडली आणि दोघांनी एकदम उडी घेतली.

"शौनक, ते माझं होतं!"

"तुझं कसं? पिंप मी फोडलं!"

त्यांच्या झटापटीत चेअरमननं एकाच सोट्यात दोघांना निजवलं. गंगाधरांनी पान थुंकून यायच्या निमित्तानं बाहेर चक्कर मारली. मागं राहिलं एवढंच, की आता आमच्या जोडीला चेअरमन पाडावाच लागणार, नाहीतर किमान नखाच्याही आत आणावा लागणार.

जोतिबा आणि सम्मेद उभे राहिले. गाळ्यात पाय ठेवायला जागा नव्हती. पहिल्या गल्लीपासून नुसता "जोत्या, तुजं!" आणि "सम्या, फळ!" एवढाच आवाज. इतका शहाण्यासारखा खेळ माझ्यावर कधी कुणी खेळला नव्हता. सातव्या गल्लीत दोघंही जिवंत पोचले आणि चेअरमनला अर्ध्यावर आणला. मग मात्र जीव दोघांचेही आटले. सम्मेदनं शेवटचं पिंप फोडलं. फळ निघालं नाही. कोंबडी निघाली आणि त्याच्याच पायाशी पडली.

जोतिबा पडद्याच्या पार दुसऱ्या टोकाला दोन गुंडांत अडकलेला. चेअरमन सोटा फिरवत सम्मेदकडं निघाला. बटण दाबलं की कोंबडी सम्मेदच्या तोंडात आणि जीव पुरता भरलेला.

"खा! खा! खा रं!" सगळा गाळा ओरडायला लागला.

सम्मेदचं बोट बटणावर टेकलेलं होतं. ओलं झालेलं ते बोट मला आजही आठवतं. मी गेलो तर त्याची दीड फूट फरशी जाणार होती, आणि हे माझ्याइतकंच त्यालाही ठाऊक होतं. पडद्यावरची नजर न काढता तो म्हणाला, "नानासो, खाऊ?"

पैज नानासोंची. डबा नानासोंचा. मेहुण्यापुढची मिशीही नानासोंची. त्यांनी एक क्षण माझ्याकडं पाहिलं आणि असा आवाज काढला की माझी काच हादरली.

"न्हाई! नियम हाय तुजा! डबा ग्येला तर जाऊ दे!"

सम्मेदनं बोट उचललं. दांडा पुढं रेटला, कोंबडीवरून पाय काढला आणि सरळ चेअरमनच्या अंगावर गेला. सोटा खात, पडत, उठत त्यानं त्याला तिथंच अडवून धरलं. "जोत्या, तुजं!" तो ओरडला आणि आडवा झाला तो उठलाच नाही. पण तेवढ्यात जोतिबा पोचला होता. त्यानं कोंबडी खाल्ली आणि डोळ्यांतलं पाणी न पुसता एकटा लढला.

चेअरमन पडला नाही. तसे ते सहसा पडत नाहीत. दोन नखं जीव उरला असताना त्यानं जोतिबाला निजवलं.

गंगाधर जवळ आले. "दाजी, ऱ्हाऊ द्या. जेवणातली गंमत ती."

"शब्द दिलाय," नानासो म्हणाले. "टेम्पो लाव दारात." एवढं बोलून ते सम्मेदकडं वळले आणि त्याला लहान पोरासारखं पोटाशी धरलं. रडत होते. मैदान हरल्यावरही कधी रडले नव्हते म्हणतात.

एक गोष्ट राहिली होती. खेळात उच्चांक झाला की मी खेळणाऱ्याकडं नावाची तीन अक्षरं मागतो. डाव हरला तरी गुंड सगळ्यांत जास्त बडवल्यानं जोतिबाचा उच्चांक झाला होता. त्यानं बाहीनं नाक पुसलं, दांडा धरला आणि एकेक इंग्रजी अक्षर शोधून लावलं. एस. एम. डी.

"आरं, तुजं नाव घाल की," नानासो म्हणाले.

"कोंबडी म्या खाल्ली," जोतिबा म्हणाला. "जीव त्येनं दिला."

प्लग काढला की माझ्यातले उच्चांक आणि नावं पुसली जातात. सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून प्लगला हात लावायला कुणी पुढं येईना. शेवटी सम्मेदनंच पडद्यावरचं नाव एकदा नीट वाचून घेतलं आणि स्वतःच्या हातानं प्लग ओढला.

त्याला चार वर्षं झाली. आता मी साताऱ्यात आहे. गंगाधरांनी शेजारी कॉम्प्युटर मांडलेत, तिथं पोरं एकमेकांकडं पाठ करून बसतात. माझ्याकडं कधीमधी कुणी येतं. अवधूत आणि शौनक अजून येतात, अजून कोंबडीवरून भांडतात, आणि एकदा त्यांनी चेअरमन पाडलासुद्धा.

माझं एक काम करा. सांगलीला गेलात तर हळदीच्या पेठेत पायगोंडा पाटलांचं दुकान विचारा. गल्ल्यावर त्यांचा धाकटा बसलेला असेल. त्याला म्हणावं, डबा बरा आहे. इथं अधूनमधून कुणी ना कुणी उच्चांक करतं आणि मी तीन अक्षरं मागतो. पण सम्मेद, दुसऱ्याचं नाव घालणारा अजून एकही आला नाही.