मेरी नंबर चार

ऑक्टोबर लागला की इंग्लंडमधल्या थॉर्नवेल गावाला काळ्या माणसांची आठवण येते. अकरा महिने ज्यांच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही, त्यांच्या दारात मग पत्रं येतात, फोन येतात, ढोल कुणाकडे आहेत, रंगीत कपडे कुणाकडे आहेत, बकऱ्याची करी कोण करील, अशी चौकशी सुरू होते. काळ्यांच्या इतिहासाचा महिना म्हणतात त्याला. एक नोव्हेंबरला ढोल परत आणि इतिहासही परत. मिस टीनी याला ताकापुरती आजी म्हणायची आणि दरवर्षी म्हणायची, की यंदा मी करी करणार नाही.

यंदा मात्र तिने एका फोनवर होकार दिला. एकशेवीस माणसांची करी, सोबत राजमा घातलेला भात आणि तळलेली केळी. ऐंशीच्या वयात हे काही थोडं काम नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन तीन महिने झाले होते, गुडघे तर केव्हाच संपावर गेले होते. पण यंदा भिंतीवर तिचा फोटो लागणार होता.

टीनी म्हणजे इवलीशी. बाई अंगाने भिंतीसारखी, दारातून शिरताना थोडी तिरकी व्हायची, पण नाव टीनी, कारण जमैकाच्या डोंगरात जन्मली तेव्हा आजीच्या दोन ओंजळींत मावली होती. त्या लोकांत प्रत्येकाला असं एक हाकेचं नाव असतं. कागदावरचं खरं नाव वेगळं, ते पेटीत जपून ठेवायचं. ते वाऱ्यावर सोडलं तर वाईट डोळ्याच्या माणसाच्या हाती लागतं, असं जुनी माणसं सांगायची. म्हणून पन्नास वर्षांची मैत्रीण असली तरी तिचं खरं नाव आपल्याला कळतं ते तिच्या मयताला, चर्चमध्ये वाटलेल्या छापील कागदावर. मग बायका रडता रडता एकमेकींना कोपर मारून विचारतात, ही कोण बाई, आपण बरोबर ठिकाणी आलो ना?

आता फोटोची गोष्ट. साल चौसष्ट. टीनी वीस वर्षांची होती, लग्न व्हायचं होतं, आणि गावच्या लोकरीच्या गिरणीत कामाला होती. तिच्या खात्यात कॅरिबियन बेटांवरून आलेल्या सात पोरी होत्या. मुकादमीण बाईला त्यांची नावं उच्चारायचा कंटाळा. तिने पहिल्याच दिवशी जाहीर केलं, तुम्ही सगळ्या मेरी. हजेरीपत्रकात मेरी नंबर एकपासून मेरी नंबर सातपर्यंत शाईने लिहून टाकलं. टीनी चौथी.

दीड वर्ष तिने 'हजर' म्हटलं. मग फेब्रुवारीतल्या एका सकाळी मेरी नंबर चार अशी हाक आली आणि ती गप्प राहिली. तीनदा हाक आली, तीनदा गप्प. गैरहजर लागली. मग ती बाहेर गेली आणि गिरणीच्या फाटकासमोर, बर्फात, उपडं खोकं टाकून त्यावर बसली. येणाऱ्याजाणाऱ्याने विचारलं, की सांगायची, "माझ्या नावाची वाट बघतेय." दुसऱ्या दिवशी तीच जागा. गावच्या वर्तमानपत्राचा माणूस येऊन फोटो काढून गेला. नाव विचारायचं त्यालाही सुचलं नाही. तिसऱ्या दिवशी मुकादमिणीने दात-ओठ खात तिचं पूर्ण नाव घेतलं. वाकडंतिकडं घेतलं, पण घेतलं. टीनी उठली, स्कर्टवरचा बर्फ झटकला आणि आत जाऊन मशीनवर उभी राहिली. हजेरीपत्रकातली शाई मात्र कुणी खोडली नाही.

तो फोटो साठ वर्षं वर्तमानपत्राच्या खोक्यात पडून होता. खोकी ग्रंथालयात आली आणि जुलैमध्ये इमोजेन नावाची एक गोरी, गोड बोलणारी पोरगी तो फोटो घेऊन म्हाताऱ्यांच्या मंगळवारच्या जेवणाला आली. नगरपालिकेने तिला या महिन्याचे कार्यक्रम करायला नेमलं होतं. टीनी नेमकी त्या दिवशी डोळ्याच्या दवाखान्यात. बाकीच्या चौदा बायकांनी फोटो बघताच एकच गलका केला, अगं ही तर आपली टीनी! टीनी क्रॉसडेल! इमोजेनने वहीत टिपून घेतलं. हे सगळं मिस बर्डीने संध्याकाळी फोनवरून सांगितलं. बर्डी म्हणजे टीनीची चर्चमधली शेजारीण, चाळीस वर्षं एकाच बाकावर बसलेली, बातम्यांचं कोठार.

तेव्हापासून टीनी वाट बघत होती. बर्मिंगहॅमच्या मुलाला तिने चार वेळा फोन करून तारीख सांगितली. फोटो लागेल, खाली नाव लागेल, शाळेची पोरं येऊन वाचतील. तिला बाकी काही नको होतं. भाषण नको, पुष्पगुच्छ नको. जे मागायला ती बर्फात बसली होती ते एकदा छापून भिंतीवर हवं होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल गच्च भरला. समोर गळ्यात सोन्याची साखळी घातलेले महापौर, शाळेची मुलं, चर्चची मंडळी टोप्या घालून नटूनथटून. भिंतीवरच्या फोटोंवर पडदा होता. टीनी मागच्या बाजूला, जेवणाच्या टेबलामागे, हातात डाव घेऊन उभी. बर्डी भातापाशी होती. भाषणं झाली, ढोल झाले, मग महापौरांनी पडदा ओढला.

मधोमध तीच होती. माणसाएवढी मोठी करून लावलेली. खोक्यावर बसलेली, हनुवटी वर, केसांत बर्फ. टीनीने बर्डीला कोपराने ढोसलं. इतकी बारीक होते मी, असं ती बर्डीला म्हणणार, तेवढ्यात महापौरांनी चष्मा लावून खालची पाटी मोठ्याने वाचली.

"अनोळखी कॅरिबियन स्त्री, गिरणीच्या फाटकाबाहेर, अंदाजे एकोणीसशे चौसष्ट."

आणि पुढे आपल्या मनाचं जोडलं, की अशा किती निनावी स्त्रियांनी हे गाव उभं केलं, त्यांची नावं इतिहासाला कधीच कळणार नाहीत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. निनावी बाई तिथून वीस पावलांवर, करीच्या पातेल्यामागे उभी होती.

टीनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती आधी बर्डीकडे वळली.

"तू नाव सांगितलं होतंस ना?"

"सांगितलं. सगळ्यांनी सांगितलं. मग तिचा पुन्हा फोन आला, खरं नाव काय म्हणून. कागदावरचं."

"मग?"

"मग काय? मला कुठं माहीत होतं?" बर्डीने भाताकडे बघत सांगितलं. "तुला विचारून कळवते म्हणाले होते, पण तुझं ते डोळ्याचं चाललं होतं, राहून गेलं."

"चाळीस वर्षं माझ्या मांडीला मांडी लावून बसतेस, बर्डी."

"बसते. तू तरी सांग, माझं काय नाव आहे?"

टीनीने कधी विचारलंच नव्हतं. तिलाही माहीत नव्हतं. याचा राग तिला आणखी आला, पण हा राग घरातला होता, तो घरी जाऊन काढता आला असता. तिने डाव खाली ठेवला आणि इमोजेनला बोलावून घेतलं.

इमोजेन हसत आली. फोटोतली बाई मी आहे, हे टीनीने सांगितल्यावर तिने दोन्ही हात गालांवर ठेवले, डोळ्यांत पाणीबिणी आणलं, किती सुंदर क्षण आहे हा, म्हणाली. मग अडचण सांगितली. बायकांनी टीनी क्रॉसडेल हे नाव दिलं होतं, पण ते तर टोपणनाव. गिरणीच्या हजेरीपत्रकात तिने स्वतः शोधलं, त्या नावाचं कुणी नव्हतं. त्या खात्यात फक्त सात मेरी होत्या. आणि दोन कागदांवर पडताळल्याशिवाय पाटीवर नाव घालायचं नाही असा नियम होता. म्हणून नाइलाजाने अनोळखी.

"म्हणजे त्या बाईनं लिहिलेल्या मेरी तू खऱ्या धरल्यास," टीनी सावकाश म्हणाली, "आणि चौदा जिवंत बायकांनी ओरडून सांगितलेलं नाव खोटं धरलंस."

"खोटं नाही, पडताळता आलं नाही एवढंच. पण आता अगदी सोपं आहे. पासपोर्ट आणि लग्नाचा दाखला आणून द्या, मी समितीपुढे ठेवते. जानेवारीपर्यंत नवी पाटी नक्की होईल."

जानेवारीत त्या भिंतीवर हा फोटोच नसणार होता. तिथे बागकाम मंडळाचे फोटो लागायचे होते, ते दारावरच लिहिलं होतं. म्हणजे वरातीमागून घोडं, आणि त्या घोड्यासाठीही दाखला हिनेच आणायचा. आपण आपणच आहोत याचे कागद दाखवा, हे टीनीच्या लोकांना या देशात किती खिडक्यांवर, किती वेळा ऐकावं लागलं आहे, ते त्यांचं त्यांना ठाऊक. बरं, ही पोरगी मनाने वाईट नव्हती. हेच जास्त झोंबतं. वाईट माणसाशी भांडता येतं, पण हसतमुखाने नियम दाखवणाऱ्याचं काय करायचं?

एव्हाना रांग लागली होती. सर्वात पुढे महापौर, हातात कागदी ताटली. वास सगळ्या हॉलभर सुटला होता. टीनीने करीच्या पातेल्यावर झाकण घातलं. मग खुर्ची ओढली, टेबलाच्या पुढच्या बाजूला, रांगेच्या तोंडाशी आणली आणि तिच्यावर बसली.

महापौरांनी विचारलं, काही अडचण आहे का? टीनीने त्यांना नीट, शांतपणे सांगितलं, की भिंतीवरची ती बाई आपणच आहोत, आणि तिथे आपलं नाव लागेपर्यंत इथे कुणी जेवणार नाही. महापौरांनी फोटोकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं. तीच हनुवटी. त्यांचा चेहरा साखळीच्या वर लाल होत गेला. इमोजेन घाईने म्हणाली, की भात तरी वाढायला हरकत नाही ना. त्यावर बर्डीने भाताचं झाकण घातलं, केळ्यांचं ताट उचललं आणि सगळे डाव गोळा करून आपल्या पिशवीत टाकले. मग दुसरी खुर्ची आणून टीनीशेजारी मांडीला मांडी लावून बसली.

चर्चची मंडळी रांगेतून हलली नाहीत. हातात रिकाम्या ताटल्या धरून उभी राहिली. शाळेची मुलंही उभी राहिली, मास्तरणीने काय करावं न सुचून त्यांना तसंच राहू दिलं. दहा मिनिटं गेली. एकशेवीस भुकेली माणसं गप्प उभी राहिली, की नियमाचा आवाज फार बारीक होतो. इमोजेनने कुणाला तरी फोन लावला, तिकडून उत्तर आलं नाही. शेवटी महापौरांनीच तिला सांगितलं, की एक जाड पेन आण.

सगळे भिंतीशी जमले. इमोजेन गुडघ्यावर बसली आणि पाटीवर 'अनोळखी' च्या वर लिहायला लागली.

"वर नाही," टीनी म्हणाली. "आधी ते खोड."

तिने खोडलं. मग टीनीने साठ वर्षं पेटीत ठेवलेलं नाव भर हॉलमध्ये, एकेक अक्षर सांगत लिहवून घेतलं. आयसिल्डा अदासा क्रॉसडेल, माहेरची ब्रायन. मागे बर्डी हळूच पुटपुटली, "आयसिल्डा? बघा तरी." कुणीतरी फिसकन हसलं. बर्डीने त्याच दमात आपलंही सांगून टाकलं, फेलिसिटा, आणि माझ्या मयताची वाट बघू नका म्हणाली. टीनीने तिचा हात दाबला. तेवढ्यावर त्यांचं भांडण मिटलं.

इमोजेनने वर बघून विचारलं, की पुढे टीनी असंही घालू का, लोकांना आवडेल, आपुलकीचं वाटेल.

"नको," टीनी म्हणाली.

मग झाकणं निघाली. बर्डीने पिशवीतून डाव काढून दिले आणि रांग सरकायला लागली. महापौरांनी मान खाली घालून ताटली पुढे केली, त्यांना टीनीने इतरांएवढंच वाढलं. शाळेची पोरं पाटी वाचून येत होती आणि मिसेस क्रॉसडेल, मला हाड नको, असं म्हणत होती. चर्चची माणसं नेहमीसारखी टीनी, टीनी करत होती.

सर्वात शेवटी इमोजेन आली. डोळे लाल झाले होते तिचे. तिने ताटली धरली आणि अगदी मनापासून म्हणाली, "मला खरंच वाईट वाटतं, टीनी."

टीनीने डाव पातेल्यातच धरून ठेवला.

"टीनी मला माझी माणसं म्हणतात. ते नाव तुला त्यांनी दिलं होतं, जुलैमध्ये, आपल्या तोंडानं. तू ते घेतलं नाहीस. आता तुझ्यासाठी जे पाटीवर आहे ते."

इमोजेन मागे वळली, पाटीकडे बघितलं, ओठ हलवून मनाशी एकदा म्हणून पाहिलं.

"मिसेस क्रॉसडेल," ती म्हणाली.

"हं," टीनी म्हणाली आणि तिला वाढलं.