पौर्णिमेला राहिलेली लढाई

"पौर्णिमेला मारामारीची गोष्ट ऐकायची न्हाय, आन् सांगायची तर बिलकूलच न्हाय. त्या दिवशी कानानंसुद्धा शील पाळायचं असतंय."

हे माझ्या आईचं, पुतळाबाईचं सांगणं. पौर्णिमेला ती उपोसथ पाळायची, म्हणजे अष्टशील घ्यायची, पांढरं लुगडं नेसायची, दुपार उलटली की अन्नाला शिवायची नाही. गल्लीत कुणाचं भांडण लागलं तर दार लोटून घ्यायची. आई गेली, पण तिचं बोलणं मी मोडलं नाही. रोज पहाटे बुद्धमूर्तीपुढं मेणबत्ती लावायची, त्रिसरण-पंचशील म्हणायचं, आणि पौर्णिमेला आठ शीलं. तेरमध्ये आमच्या गल्लीत सगळ्यांना हे ठाऊक आहे. त्या दिवशी माझ्याकडं कुणी कागाळ्या घेऊन येत नाही.

माझा मुलगा बुद्धघोष अमेरिकेत टेक्सासमध्ये सॅन अँटोनिओ गावी नोकरीला आहे. सून वृषाली लग्नाआधी धाराशिवला शाळेत शिकवायची. तिकडं गेल्यावर घरात बसून ती कोमेजायला लागली. मागच्या हिवाळ्यात तिला एका शाळेनं सांगितलं, की शिक्षकाची परीक्षा पास हो, उन्हाळ्यानंतर तुला घेतो. तो शब्द तेवढ्याच वर्षापुरता होता. बाकीचे विषय तिला सोपे होते, अडचण होती टेक्सासच्या इतिहासाची. तो आपल्याकडं कोण शिकतो?

वृषालीची एक खोड आहे. वाचलेलं तिच्या डोक्यात राहत नाही, दुसऱ्याला सांगितलेलं राहतं. बुद्धघोष कामावरून दमून यायचा, ऐकता ऐकता घोरायचा. मग तिनं मला धरलं. माझी वंदना संपायची तेव्हा तिची संध्याकाळ असायची. फोन भिंतीला टेकवून ठेवायचा, परात पुढं घ्यायची आणि मी धान्य निवडत ऐकायची. लढाया ध्यानात राहाव्यात म्हणून मी परातीतच सैन्यं मांडायला लागले. ज्वारी म्हणजे मेक्सिकोची फौज, तूर म्हणजे टेक्सासवाले.

आमच्या ह्यांना, ज्ञानोबांना, पेपर वाचता वाचता हसू यायचं. "आज डाळ शिजंल का शहीद व्हईल?" असं विचारायचे.

वृषालीनं पहिल्या दिवशी सांगितलं, की टेक्सास तेव्हा मेक्सिकोचा सरहद्दीचा मुलूख होता. बाहेरून लोक येऊन वसले, मग त्यांचं सरकारशी बिनसलं, आणि १८३५ साली लढाई लागली. मेक्सिकोनं गुलामी बंद केली होती, आणि ह्या वसलेल्यांतल्या बऱ्याच जणांना गुलाम ठेवायचे होते, हेही भांडणाचं एक कारण. मी हातातली तूर खाली ठेवली.

"मग हे स्वातंत्र्य कुणाचं गं?" मी विचारलं.

"हाच प्रश्न तिथं वर्गात विचारायचाय मला, आई," म्हणाली. तिला ही नोकरी का हवी आहे ते त्या दिवशी मला नीट कळलं.

गोन्झालेसच्या तोफेपासून सुरुवात झाली. सरकारनं गावाला संरक्षणासाठी दिलेली लहानशी तोफ परत मागितली, तर गावानं झेंड्यावर तिचं चित्र काढून लिहिलं, या आणि घेऊन जा. ह्यांना ते भारी आवडलं. ग्रामपंचायतीची शिडी शेजारच्या गणपाकडं कैक वर्षं तशीच अडकली आहे, म्हणाले. मग अलामो. वृषालीच्या गावातच आहे ते, जुनं ख्रिस्ती प्रार्थनामंदिर. आत टेक्सासवाली मूठभर माणसं, भोवती मेक्सिकोच्या फौजेचा वेढा. शेवटच्या पहाटे आतले लढणारे जवळजवळ सगळे मेले, बाहेरचे त्याहून जास्त. परातीत तूर-ज्वारी अशी मिसळली की वेगळी करवेना. मी ते दाणे तसेच अंगणात चिमण्यांना टाकले.

अलामोनंतर गोलियड. त्या सकाळी तिनं सुरुवात केली, "आई, आता कैद्यांना मारलं ते..." आणि मी हात वर केला. पौर्णिमा होती.

"आज नको. म्होरचं सांग."

तिनं मुकाट्यानं गोलियड सोडलं आणि शेवटच्या, सान हासिंतोच्या लढाईचाही फक्त निकाल सांगितला. दुपारी मेक्सिकोची फौज विसावली होती, टेक्सासवाले धावून आले, घटकाभरात जिंकले, टेक्सास सुटलं. राहिलेलं ती वाचून घेणार होती. दोन दिवसांनी परीक्षा झाली.

त्यानंतर तिचे फोन आले, पण हवापाण्याचे. इकडं थंडी, तिकडं वारा. मी निकाल विचारला की ती बाजरीच्या भाकरीची कृती विचारायची. शेवटी बुद्धघोषनं बापाला सांगितलं. गोलियडवर प्रश्न आले, ती अडली, अडल्यावर घाबरली आणि पुढचं येत होतं तेही गेलं. थोडक्यात नापास. महिन्यानं पुन्हा बसता येणार होतं, ती शेवटची संधी.

ह्यांनी मला चहा पिता पिता सांगितलं. "तुझ्या पौर्णिमेनं सूनबाईचे मार्क खाल्ले बघ," म्हणाले. बोलण्यात राग नव्हता, पण मला तो चहा गेला नाही.

वृषालीनं मला एका शब्दानं बोल लावला नाही. त्याचंच जास्त वाईट वाटत होतं. मी म्हणायची, सांग की गं राहिलेली लढाई. ती म्हणायची, सांगते, आज जरा काम आहे. असं करता करता महिना सरला. तिची परीक्षा उद्यावर आली आणि इकडं पुन्हा पौर्णिमा उजाडली.

मी अष्टशील घेतलं होतं. पांढरं पातळ नेसून बसले होते. तिनं फोन केला तो फक्त आशीर्वाद मागायला. डोळे सुजलेले दिसत होते. वाचलं का, विचारलं, तर म्हणाली, वाचलं, पण राहत नाही.

"मग सांग मला."

"आई, आज तुमचा उपोसथ आहे."

"ठाऊक हाय मला. सांग."

माझी आई डोळ्यांपुढं आली. तिचं दार लोटून घेणंही आलं. पण दाराबाहेर माझं लेकरू उभं होतं.

वृषालीनं सांगायला घेतलं. प्रथम आवाज दबकत होता. टेक्सासवाल्यांची एक तुकडी उघड्या माळावर घेरली गेली, हत्यारं टाकून शरण आली. जीव वाचतील या आशेवर गोलियडच्या किल्ल्यात राहिली. आठवड्याभरानं वरून हुकूम आला, सगळ्यांना मारा. तिथल्या अंमलदारानं रात्र तळमळून काढली आणि सकाळी हुकूम पाळला. रविवार होता, त्यांच्या सणाचा. कैद्यांना वाटलं, घरी सोडतायत. कुणी गाणं म्हणत निघालं होतं. वाटेतच गोळ्या घातल्या. थोडे नदीत उड्या टाकून निसटले.

तिनं विचारलं, थांबू का. मी मान हलवली, नाही.

"आणि आई, मेक्सिकोच्याच एका अधिकाऱ्याबरोबर आलेली एक बाई होती. तिनं रदबदली करून, कुणाला लपवून, बरीच माणसं वाचवली. शत्रूची माणसं."

"हुकमाच्या विरुद्ध?"

"हुकमाच्या विरुद्ध."

ज्या दिवशी हे ऐकायचं नाही म्हणून मी हात वर केला, त्याच दिवशी ऐकण्यासारखी बाई त्या गोष्टीत होती.

मग वृषालीचा आवाज मोकळा झाला. सान हासिंतो तिनं पुन्हा सांगितलं, या वेळी सगळं. 'गोलियड आठवा' ओरडत टेक्सासवाले धावले, आणि मेक्सिकोची फौज शरण येत होती तरी चिखलात, पाण्यात मारत सुटले. मागच्या खेपेला मला ती नुसती जीत वाटली होती. आता कळलं, एका ठिकाणचं मारणं दुसऱ्या ठिकाणी उगवलं.

"तो किल्ला अजून हाय का?" मी विचारलं.

"आहे की. गाडीनं दीड-दोन तास. कधी गेले नाही मी. तुम्ही येणार म्हणता आणि येत नाही, तोवर ठेवलंय."

खरंच होतं. विमानाची भीती, ह्यांचं पथ्य, काही ना काही सांगून मी दरवर्षी टाळत आले होते. पासपोर्टसुद्धा काढला नव्हता.

"मी येते," मी म्हणाले. "त्या नदीकाठी बसून, सगळ्यांचं भलं होवो म्हणून मंगल मैत्री म्हणायची मला. मेलेल्यांसाठी, मारणाऱ्यांसाठीबी. त्या बाईसाठी 'साधु, साधु' म्हणून साधुकार द्यायचा."

"नक्की, आई?"

"शब्द देते."

ती हसली. महिन्याभरानं पहिल्यांदा. त्या दिवशी मी दुपारनंतर नेहमीसारखी उपाशी राहिले, आणि मन कसं निवांत होतं. शील मोडलं की पाळलं, याचा मी हिशेब केला नाही. आईला विचारता आलं असतं तर ती आधी रागावली असती, मग म्हणाली असती, त्या बाईचं नाव काय गं?

निकाल लागला. वृषाली पास झाली, शाळेनं तिला घेतलं. ह्यांनी गल्लीत पेढे वाटले आणि प्रत्येकाला अलामोची लढाई सांगितली, थोडी स्वतःची भर घालून. गोन्झालेसच्या तोफेला तर त्यांनी नळदुर्गच्या तोफेएवढी करून टाकलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी वंदना केली. आधार कार्ड, रेशन कार्ड, शाळेचा दाखला पिशवीत घातला. ह्यांच्यासाठी भाकरी झाकून ठेवली. ते अर्धवट झोपेत म्हणाले, कुठं निघालीस एवढ्या सकाळी?

"धाराशिवला. पासपोर्टची चौकशी करून येते," मी म्हणाले, आणि चपला घालून स्टँडकडं चालू लागले.